महायुद्धातील सैनिकांचे स्मरण : वऱ्हाडचे नाव आणि नावांचा प्रश्न

प्रस्तावना :

ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपातील राष्ट्रांत सुरू झालेले युद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबले. त्या युद्धाच्या कारणांशी हिंदी जनतेचा काहीही संबंध नव्हता. तरीही दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक व बिगरलढाऊ सेवक समुद्रापार पाठविण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे ७४,००० परत आले नाहीत. या मृतांचे स्मरण पुढे कसे केले गेले, कोणाचे नाव दगडावर कोरले गेले आणि कोणाची केवळ गणती झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात केलेला आहे.

वाशीम जिल्ह्यातील वाचकास हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. फ्रान्समधील खंदक, इराकमधील वाळवंट आणि पैनगंगेच्या खोऱ्यातील काळी जमीन यांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक होय. शिवाय वऱ्हाड हा सैन्यभरतीचा प्रदेश म्हणून कधी ओळखला गेला नाही. रत्नागिरी, कुलाबा, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून पलटणी भरल्या जात. वऱ्हाडातून कापूस आणि शेतसारा जाई. मात्र या शेतसाऱ्याचा माग घेत गेल्यास आपण थेट एका सैन्यापर्यंत आणि तेथून युरोपच्या रणभूमीपर्यंत पोहोचतो. म्हणून आरंभ तेथून करणे योग्य ठरेल.

वऱ्हाडचा महसूल आणि हैदराबाद कंटिंजंट :

निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज होती. तिचा खर्च निजामाने द्यावयाचा, असा करार होता. हा खर्च थकत गेला, कर्ज वाढत गेले आणि २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडसह काही मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला. या मुलखाच्या उत्पन्नातून किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने पोसले जावेत, अशी योजना होती. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब हे प्रदेश परत करण्यात आले. वऱ्हाड मात्र परत गेला नाही.

याचा अर्थ असा की, वाशीम, रिसोड, मंगरूळपीर या भागांतील कुणब्याने भरलेला सारा अर्धशतकभर एका फौजेच्या पगारासाठी बांधला गेला होता. या फौजेची एक छावणी हिंगोली येथे होती. वाशीमपासून हिंगोली जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. छावणी निजामाच्या हद्दीत आणि तिला पोसणारा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली, अशी ही चमत्कारिक व्यवस्था होती.

नोव्हेंबर १९०२ मध्ये वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने इंग्रज सरकारकडे आला. त्यापाठोपाठ कंटिंजंटचे स्वतंत्र अस्तित्व संपले आणि १९०३ मध्ये तिच्या पलटणी हिंदी लष्करात सामील करून त्यांना नवे क्रमांक देण्यात आले. घोडदळातील पहिले पथक '२० वे डेक्कन हॉर्स' झाले, दुसरे '२९ वे लान्सर्स' झाले. पायदळाच्या सहा पलटणींना ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले. त्यांपैकी तिसऱ्या पलटणीचे नवे नाव होते '९६ वी बेरार इन्फंट्री'. वऱ्हाडचे नाव धारण करणारी पलटण हिंदी लष्करात आली ती अशी.

नाव वऱ्हाडचे, माणसे अन्यत्रची :

या पलटणींत वऱ्हाडी माणूस फारसा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज लष्करात 'लढाऊ जाती'चा सिद्धान्त प्रबळ झाला होता. विशिष्ट प्रदेशांतील विशिष्ट जातीच शस्त्र धरण्यास योग्य आहेत, असे तो मानी. कंटिंजंटच्या वारसदार पलटणींत मुख्यत्वे उत्तरेकडील जाट, राजपूत, अहीर, शीख तसेच दख्खनी मुसलमान भरले जात. म्हणजे खर्च वऱ्हाडच्या शेतकऱ्याने केला, नाव वऱ्हाडचे राहिले आणि नोकरी दुसऱ्यांस मिळाली. हा केवळ योगायोग नव्हे. वसाहतीच्या राज्यकारभाराचा हा एक नमुनाच म्हणावा लागेल.

महायुद्धात या पलटणी दूरवर गेल्या. ९६ वी बेरार इन्फंट्री १९१५ साली इराणच्या आखातावरील बुशहर बंदराच्या संरक्षणासाठी लढली. २० वे डेक्कन हॉर्स फ्रान्समध्ये होते. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी सोम नदीच्या रणक्षेत्रात हाय वुड नावाच्या रानाजवळ या पथकाने, सातव्या ड्रॅगून गार्ड्स या इंग्रजी पथकासह, उभ्या पिकांतून भाले सरसावून घोडे घातले. यंत्रतोफांच्या त्या युद्धात घोडदळाचा असा हल्ला विरळाच. थोडी जमीन हाती आली, परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे पथकास माघारी बोलाविण्यात आले. या पथकाची तत्कालीन छायाचित्रे अनेक इतिहासग्रंथांत पुनःपुन्हा छापली गेली आहेत. ज्या फौजेतून ते आले तिच्या भाकरीचे मूळ वऱ्हाडच्या साऱ्यात होते, हा तपशील त्या छायाचित्रांखाली येत नाही.

१९२२ च्या पुनर्रचनेत ९६ वी बेरार इन्फंट्री एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचे नाव 'कुमाऊँ रेजिमेंट' ठेवण्यात आले. आजही कुमाऊँ रेजिमेंटची दुसरी बटालियन 'बेरार' या नावाने ओळखली जाते. हिमालयाच्या पायथ्याच्या माणसांनी वऱ्हाडचे नाव आदराने जपले आहे, ही गोष्ट वऱ्हाडातील फारच थोड्यांना ठाऊक असावी.

वऱ्हाडात युद्धाने माणसे मारली ती वेगळ्या वाटेने. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झाची साथ दिसू लागली. सैन्याच्या आणि जहाजांच्या हालचालींबरोबर ती पसरली आणि त्या वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत तिने देशभर हाहाकार माजविला. मध्यप्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक मृत्यू सोसलेल्या प्रांतांपैकी एक होता. त्यातच त्या वर्षी पाऊस फसला होता. या मृतांना युद्धाचे बळी म्हणावे की नाही, हा वादाचा विषय आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते तसे म्हणावयास हवेत. परंतु स्मारक हे सेवेचे होते, सोसण्याचे नव्हे; त्यामुळे त्यांची गणना कोणत्याही दगडावर झाली नाही.

मराठी पलटणी आणि मेसोपोटेमिया :

मराठी सैनिकांचे मुख्य रणक्षेत्र युरोप नसून मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, हे होते. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरल्यानंतर आखातातील तेलाच्या रक्षणासाठी तेथे हिंदी फौजा उतरविण्यात आल्या. साडेपाच लाखांहून अधिक हिंदी सैनिक व सेवक युद्धकाळात या एका आघाडीवर गेले. सहावी डिव्हिजन ही पुण्याची म्हणून 'पूना डिव्हिजन' या नावाने ओळखली जाई. तिच्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या.

जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालील ही डिव्हिजन बगदादच्या दिशेने चालून गेली, तेथून मागे रेटली गेली आणि कूत-अल-अमारा येथे वेढली गेली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत हा वेढा चालला. अन्न संपत आले तेव्हा घोड्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले. धर्माच्या कारणाने अनेक हिंदी शिपायांनी ते दीर्घकाळ नाकारले आणि उपासमारीने ते अधिक खंगले. विमानांतून पिठाची पोती टाकण्यात आली, तीही अपुरी पडली. अखेर सुमारे १३,००० माणसे शरण गेली. त्यांना वाळवंटातून पायी नेण्यात आले आणि कैदेत हजारोंचा अंत झाला. ज्याची कबर कोठे आहे हे कोणीच सांगू शकत नाही, असा मराठी शिपाई प्रामुख्याने या वाटेवर पडला.

११७ व्या पलटणीस कूतमधील कामगिरीबद्दल पुढे 'रॉयल' ही पदवी मिळाली. ऑक्टोबर १९१८ मध्ये मोसूलच्या दक्षिणेस शरकत येथील लढाईत ११४ व्या मराठा पलटणीने २८ शौर्यपदके मिळविली. बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात शरकतचे नाव युद्धस्मारकाला दिलेले आहे. पलटणीने आपली आठवण राखली. प्रश्न आहे तो साम्राज्याने राखलेल्या आठवणीचा.

स्मारकांचे दोन न्याय :

२१ मे १९१७ रोजी लंडन येथे शाही सनदेने 'इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन' स्थापन झाले. १९६० पासून त्याच्या नावात 'इम्पीरियल'च्या जागी 'कॉमनवेल्थ' हा शब्द आला. या आयोगाने स्वीकारलेले तत्त्व त्या काळाच्या मानाने क्रांतिकारक होते. हुद्दा, वंश किंवा धर्म पाहून भेद करावयाचा नाही. सेनापतीची आणि शिपायाची शिळा सारखीच असावी. ज्याची कबर सापडली नाही त्याचे नाव स्मारकावर कोरावे. त्यापूर्वी युरोपातील युद्धांत सामान्य शिपाई सामूहिक खड्ड्यात पुरला जाई आणि नाव उरे ते सरदाराचे. हे पाहता या तत्त्वाचे मोल मोठे आहे.

फ्रान्समध्ये या तत्त्वाचे पालन झाले. नव्ह शापेल येथे मार्च १९१५ मध्ये हिंदी सैन्य लढले होते. त्या जागी वास्तुकार हर्बर्ट बेकर यांनी उभारलेल्या स्मारकाचे उद्घाटन ७ ऑक्टोबर १९२७ रोजी झाले. त्यावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची व सेवकांची नावे आहेत.

त्यानंतर दीड वर्षाने, २७ मार्च १९२९ रोजी, बसरा येथील स्मारकाचे उद्घाटन झाले. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि कबर ज्ञात नसलेल्या ४०,००० हून अधिक जणांचे हे स्मारक होय. त्यांपैकी बहुसंख्य हिंदी. येथे इंग्रज अधिकाऱ्याचे नाव कोरले गेले, इंग्रज शिपायाचेही कोरले गेले, हिंदी सुभेदार-जमादारांचीही नावे आली. हिंदी शिपायाचे मात्र आले नाही. पलटणीचे नाव, त्याखाली हिंदी अधिकाऱ्यांची नावे आणि शेवटी 'व इतर इतके हिंदी शिपाई' अशा आशयाची एक ओळ. कूतच्या वाटेवर पडलेला नाईक किंवा शिपाई त्या 'इतर'मध्ये सामावला.

एकाच आयोगाने, दोन वर्षांच्या आत, दोन ठिकाणी दोन न्याय का लावले? नावे मिळविणे कठीण होते, याद्या अपुऱ्या होत्या, खर्च फार होता, अशी कारणे देता येतील. परंतु ती पुरेशी वाटत नाहीत. पलटणीच्या दफ्तरात प्रत्येक शिपायाचा क्रमांक, नाव, वडिलांचे नाव व गाव नोंदलेले असे. त्यावाचून वारसास निवृत्तिवेतन देता येत नसे. एतद्देशीय शिपायांची नावे कोरण्याची प्रथाही नवी नव्हती. कोरेगाव भीमा येथील १८१८ च्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर कंपनीच्या कामी आलेल्या देशी शिपायांची नावे कोरलेली आहेत, त्यांत अनेक 'नाक'प्रत्ययी महार नावे आहेत. कंपनी सरकारला जे १८२० च्या दशकात जमले ते साम्राज्याला शंभर वर्षांनी जमू नये, हे पटत नाही. फरक जागेचा होता. फ्रान्समधील स्मारक युरोपच्या डोळ्यांसमोर होते. बसऱ्याचे कोण पाहणार होते?

हा तर्क केवळ आपल्या बाजूचा नाही. आयोगाने नेमलेल्या विशेष समितीचा अहवाल २२ एप्रिल २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. आशियाई व आफ्रिकी मृतांपैकी अंदाजे ४५,००० ते ५४,००० जणांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि आणखी किमान १,१६,००० जणांचे नावाने किंवा मुळीच झाले नाही, असे त्यात मान्य करण्यात आले. तत्कालीन अधिकाऱ्यांचे पूर्वग्रह व वंशभेद यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी त्याच दिवशी संसदेत क्षमा मागितली. दरम्यान बसऱ्याचे स्मारकही मूळ जागी राहिलेले नव्हते. १९९७ साली इराकी सरकारच्या आज्ञेने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, सुमारे ३२ किलोमीटर दूर, वाळवंटात उभारण्यात आले.

उशिरा का होईना, चूक दुरुस्त होऊ शकते, याचे उदाहरण इंग्लंडमध्येच आहे. ब्रायटन येथील रुग्णालयांत मरण पावलेल्या हिंदू व शीख सैनिकांवर लगतच्या टेकडीवर अंत्यसंस्कार झाले. तेथे १ फेब्रुवारी १९२१ रोजी संगमरवरी 'छत्री'चे अनावरण झाले, परंतु तेथे दहन झालेल्या ५३ जणांची नावे छत्रीजवळच्या शिळेवर कोरली गेली ती २०१० मध्ये. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. त्या वास्तूची कोनशिला १९२१ ची आणि उद्घाटन १९३१ चे.

महाराष्ट्रातील स्मृतिचिन्हे :

महाराष्ट्रात या युद्धाच्या खुणा तीन प्रकारच्या आढळतात. त्यांपैकी सर्वांत बोलक्या म्हणजे कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव बसविलेल्या लहान शिळा. चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत ही शिळा असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या युद्धात इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरील मजकूर. म्हणजे येथेही संख्याच. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. 'मिलिटरी अपशिंगे' हे त्याचे नाव आजही रूढ आहे. एका परीने गावात संख्या पुरेशी होती, कारण ती माणसे कोण हे गावास माहीत होते. दोन पिढ्या गेल्यावर मात्र संख्या मुकी होते.

दुसरा प्रकार शहरांतील स्मारकांचा. मुंबईत मस्जिद बंदराजवळील खलाशांच्या निवासगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रावर मृत्यू पावलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे ब्राँझच्या पत्र्यांवर आहेत. पुण्याजवळ खडकी येथील स्मारकावर १,८०० हून अधिक नावे आहेत, पण ती मुख्यतः हिंदुस्थानात वारलेल्या व पूर्वी अन्यत्र पुरलेल्या गोऱ्या सैनिकांची. पुण्यातच १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते मराठा युद्धस्मारकाची आणि शिवाजी स्मारकाची कोनशिला बसविण्यात आली. त्यामागे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे प्रयत्न होते. पुढे १९२८ मध्ये शिल्पकार करमरकर यांनी घडविलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला आणि लोकांच्या मनात तोच राहिला. महायुद्धातील शिपायाचे स्मरण शिवछत्रपतींच्या स्मरणात विरून गेले, असे म्हणता येईल. ते अनुचित झाले असे नव्हे. मात्र शिपाई मागे पडला, हे खरे.

तिसरा प्रकार व्यक्तीच्या स्मारकाचा, आणि तो दुसऱ्या महायुद्धाचा आहे. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, वरच्या टायबर खोऱ्यात, आपल्या तुकडीतील सर्वजण पडल्यावर एकट्याने शत्रूच्या ठाण्यावर चालून गेले व धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह सापडला नाही, तरी कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे, माणगाव येथे पुतळा आहे आणि २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने येथे त्यांच्या नावाचे सूर्यघटिकेचे स्मारक उभे राहिले. कूतच्या शिपायास जे मिळाले नाही ते येथे मिळाले.

येथे आणखी एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. ज्यांना सेवेचा हक्कच नाकारला गेला त्यांचे स्मारक होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. महार समाजाची सैन्यभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद करण्यात आली होती. महायुद्धाच्या निकडीने १९१७ मध्ये '१११ वी महार' ही पलटण उभारली गेली आणि युद्ध संपताच काही वर्षांत मोडण्यात आली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली तेव्हा तिची दुसरी बटालियन नागपूरजवळ कामठी येथे उभारण्यात आली. रेजिमेंटच्या पहिल्या मानचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. वगळल्या गेलेल्यांनी जुन्या दगडावरील नावांचा आधार घेतला.

पदकाची कड आणि स्थानिक शोध :

दगडाने संख्या सांगितली तरी धातूने नाव सांगितले आहे. युद्धात सेवा केलेल्या प्रत्येक सैनिकास चांदीचे 'ब्रिटिश वॉर मेडल' दिले गेले. मजूर पथकांतील लोकांना तेच ब्राँझचे मिळाले. धातूतील हा भेदही लक्षात ठेवण्याजोगा आहे. या पदकांच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण उमटविलेली असते. मृताच्या कुटुंबास सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची तबकडी मिळे. तिच्यावर हुद्दा न देता केवळ नाव असे. अशी पदके घरोघरी देव्हाऱ्यात किंवा पेटीत ठेवली जात. चांदीची असल्याने नड पडली की ती सराफाकडे मोडीत जात, आणि त्यांबरोबर शिपायाच्या नावाचा तो एक पुरावाही वितळून जाई.

वाशीम जिल्ह्यात असा शोध घ्यावयाचा झाल्यास काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. आजचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. जुना 'बासीम' जिल्हा १९०५ मध्येच रद्द झालेला होता. म्हणून दोन्ही महायुद्धांच्या कागदपत्रांत येथील माणूस 'अकोला, बेरार' अशा पत्त्याने आढळेल, आणि वाशीमचे वर्णलेखन 'बासीम' किंवा 'बाशीम' असेही असू शकेल. कारकुनांनी ऐकून लिहिलेली गावांची नावे ओळखण्यासाठी जुन्या तालुक्यांचे नकाशे जवळ असावे लागतात. मराठी शिपायाची नोंद बहुधा स्वतःचे नाव व वडिलांचे नाव अशी असते, आडनाव नसते. त्यामुळे आजच्या आडनावावरून शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. आयोगाची मृतांची नोंदणी संगणकावर खुली आहे आणि अनेक नोंदींत वडिलांचे किंवा पत्नीचे नाव व गाव दिलेले आहे. त्याच्या जोडीस गावचा जन्म-मृत्यू दाखला, हक्कनोंद आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील माहिती पडताळता येते.

हे काम महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हाती घेण्यासारखे आहे. विद्यार्थ्याने आपल्या गावातील वृद्धांकडे 'पणजोबा लढाईत गेले होते काय' असे न विचारता 'घरात इंग्रज राजाचे चित्र असलेले जाड नाणे आहे काय' असे विचारावे. लढाई विसरली गेली असते, नाणे विसरले जात नाही. ते हाती आले की प्रथम त्याची कड भिंगाखाली वाचावी आणि पदक घासून चकाकविण्याचा मोह आवरावा, कारण घासण्याने कडेवरील नाव झिजण्याचा संभव असतो.